वक्त्याचे हात

देवळाली प्रवरा येथे कालव्याच्या आवर्तनासंबंधी भरलेल्या एका सभेस आम्ही गेलो होतो. आमचा एक जुना विद्यार्थी शेवटच्या रांगेत बसला होता. त्याच्या चारीस पाणी का पोहोचत नाही, याची खडान्‌खडा माहिती त्यास होती. परंतु तो अवाक्षर बोलला नाही. मागाहून विचारता म्हणाला, “गुरुजी, उभा राहिलो की हातांचे काय करावे, ते अजून सुचत नाही.”

हे उत्तर आम्हांस झोंबले. कारण दोष आमचा होता. बालपणी त्याच्या भाषणासाठी वाक्यागणिक हातवारे आम्हीच पाठ करविले होते. ऐन वेळी वाक्य आठवेना, हात मात्र वर गेला. सभा हसली आणि मुलगा जो खाली बसला तो कायमचा.

वास्तविक शास्त्र आम्हांस अवगत होते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. आम्ही आंगिक तेवढे शिकविले. अंतःकरणातून उमटणारे सात्त्विक विसरलो. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकाचे सहा प्रकार गणले आहेत. त्यांत मान हलविणारा आहे, तसाच अर्थ न जाणणाराही आहे. आमच्या मते हे दोघे सख्खे भाऊ होत. अर्थ मनात ठसला नाही म्हणजेच देह निष्कारण हलू लागतो.

याचे उत्तम उदाहरण आपले नारदीय कीर्तन. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात, तेव्हा त्यांची हालचाल बेताची असते. उत्तररंगात आख्यान सुरू झाले की तेच बुवा क्षणात राजा, क्षणात याचक होतात; खांद्यावरील उपरणेही बोलू लागते. प्रसंग मागतो तेवढेच देह देतो. संयमाचा हा धडा व्याख्यात्यानेही घ्यावा.

पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला आणि १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तेव्हापासून व्यासपीठ घरोघरच्या मुलांना ओळखीचे होत गेले. अशा मुलांच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी : मुलास हातवारे पढवू नयेत. प्रथम विषय त्याच्या स्वतःच्या शब्दांत घरातील मंडळींपुढे सांगवून घ्यावा. दोन्ही पावले जमिनीवर सारखी टेकावीत, हात सैल सोडावेत, आणि आरंभापूर्वी एक शांत श्वास घ्यावा. दृष्टी छताकडे अथवा कागदाकडे न ठेवता सर्वांत दूर बसलेल्या श्रोत्याकडे न्यावी. सदऱ्याची गुंडी वा रुमाल यांच्याशी चाळा नको. ध्वनिक्षेपकासमोर मान फार वळविल्यास आवाज तुटतो, हेही सांगून ठेवावे. एवढे झाल्यावर हात आपोआप उठेल तेव्हा उठू द्यावा. तो शब्दाच्या मागून रेंगाळत आला तर समजावे की तो पाठ केलेला आहे.

त्या विद्यार्थ्यास आम्ही घरी बोलाविले, ओट्यावर उभे केले आणि पाण्याच्या पाळ्यांची हकीकत सांगावयास लाविले. दोनदा तो अडखळला. तिसऱ्या वेळी त्याने वही बाजूस ठेविली, आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात कालव्याच्या दिशेस गेला. तो हात आम्ही शिकविलेला नव्हता. पुढील सभेस बोलण्याचे त्याने कबूल केले आहे. आम्हीही जाणार आहोत, या खेपेस शेवटच्या रांगेत बसावयास.