भिंतीत कडी ठोकण्यापूर्वी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी सकाळी शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या आवाराच्या भिंतीत एक कडी मारून घेऊ का? कपडे वाळत घालायला दोरी बांधायची आहे." शेजारधर्म म्हणून मी लगेच "अवश्य!" म्हणालो.

दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी त्या दोरीवर ओली गोधडी टाकली. दुपारी मोठा आवाज झाला. अर्धी वीट बरोबर घेऊन कडी निघाली होती आणि काकूंचा नातू खेळत होता तिथून दोन हातांवर पडली होती. "तुमची भिंतच कच्ची", "तुम्हीच भलते ओझे टाकले", अशी बोलाचाली झाली आणि दोन्ही घरांत आठ दिवस अबोला राहिला.

खरे पाहता चूक माझी होती. टांगलेल्या दोरीचे गणित मी दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवतो. पण प्रश्न स्वतःच्या भिंतीचा आला तेव्हा वजन किती, दोरी किती ताणणार, हे विचारायचे मला सुचले नाही. विद्यार्थी मित्रहो, ते गणित आज आपण करू या.

समजा, दोरी ६ मीटर लांब आहे आणि बरोबर मध्यावर १२ किलोग्रॅमची ओली गोधडी टाकली आहे. तिचे वजन सुमारे १२० न्यूटन. दोरीच्या प्रत्येक बाजूने ६० न्यूटन उचलले पाहिजेत. आता काकूंना दोरी घट्ट हवी होती. गोधडी टाकल्यावरही ती मध्यावर फक्त १५ सेंटिमीटर खाली आली. म्हणजे टोकापासून मध्यापर्यंतच्या ३०० सेंटिमीटरमध्ये उतार केवळ १५ सेंटिमीटर, विसावा हिस्सा. ताणाचा विसावा हिस्साच वजन उचलण्याच्या कामी येतो. म्हणून ताण ६० च्या वीसपट, १२०० न्यूटन! गोधडी १२ किलोची, पण भिंतीला ओढ १२० किलोच्या वजनाएवढी.

हीच दोरी सैल सोडून मध्यावर ६० सेंटिमीटर खाली येऊ दिली तर? उतार सुमारे पाचवा हिस्सा होतो आणि ताण ३०० न्यूटनच्या आसपास येतो. गोधडी तीच, भिंत तीच. ओढ मात्र चौथाई. (कपडे दोरीभर पसरले, तर ताण याच्याही निम्मा होतो.)

आता भिंतीकडे पाहू. माझी भिंत १.८ मीटर उंच आणि २३ सेंटिमीटर जाड आहे. तिच्या एक मीटर लांबीच्या तुकड्याचे वस्तुमान सुमारे ७९० किलोग्रॅम. उलथण्याला विरोध करणारे त्याचे आघूर्ण सुमारे ९०० न्यूटन-मीटर भरते. माथ्याजवळच्या कडीला १२०० न्यूटनची ओढ बसली, तर उलथवणारे आघूर्ण २१६० होते. ३०० न्यूटनला ते ५४० च राहते. दोन्ही बाजूंची भिंत त्या तुकड्याला धरून ठेवते, म्हणून ती लगेच कोसळत नाही. पण विटांचे बांधकाम दाब चांगला सोसते, ओढ फार थोडी. म्हणून आमच्याकडे आधी कडी निखळली.

काही जण म्हणतील, "कशाला ही कटकट? सरळ नाही म्हणावे." मला हे पटत नाही. न मोजता दिलेला नकार न मोजता दिलेल्या होकाराइतकाच आंधळा. भीड आणि संशय या दोघांच्या मध्ये मोजपट्टीला जागा आहे. शेजाऱ्याने विचारले तर आपण तीन प्रश्न विचारावेत. वजन किती? ओढ कोणत्या दिशेने? आणि निखळले तर कोणावर पडेल? भिंतीला लागून टांगलेली चौकट मुख्यतः खाली ओढते. ते भिंतीला जड नाही. पण फळीच्या आधाराचे तसे नाही. त्याची उंची १० सेंटिमीटर असेल आणि वजन भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या स्क्रूला वजनाच्या तिप्पट ओढ बसते. पत्र्याच्या छपराला तर वाराही उचलतो. भोक पाडण्यापूर्वी आत विजेची तार किंवा पाण्याचा नळ नाही ना, हेही पाहावे.

ठरले ते दोन ओळींत लिहून ठेवावे. त्यात अविश्वास नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, हक्क म्हणून वीस वर्षे अखंड चाललेल्या वापरातून कायमचा हक्क निर्माण होऊ शकतो; परवानगीने चाललेल्या वापरातून तसा होत नाही. चिठ्ठी असली की पुढच्या पिढीत वाद उरत नाही.

शेवटी मी कागद-पेन्सिल घेऊन काकूंकडे गेलो आणि त्यांच्यासमोर हेच गणित मांडले. त्या हसून म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंत की!" गवंड्याने वीट बसवली, नवी कडी पक्की केली. आता दोरी सैल आहे आणि गोधड्या त्यांच्या अंगणातल्या बांबूच्या घोडीवर वाळतात.

तुमच्या घरी दोरी असेलच. आज तिची लांबी आणि मध्यावरचा झोल मोजा, ओल्या चादरीचे वजन करा आणि ताण काढा. शिक्षकांनी हे उत्तर वहीत तपासावे. कडी मात्र तुम्ही स्वतः जाऊन तपासा.