वानर कोण, माकड कोण?

आफ्रिकेतील गोरिला पाहायला जाणे ही आज मोठ्या प्रतिष्ठेची सहल समजली जाते. त्यात वावगे काहीच नाही. पण त्या सहलीतून शिकण्यासारखे जे आहे, ते पुण्यात राहूनही शिकता येईल, असे मला वाटते.

शास्त्रज्ञ गोरिलाच्या दोन जाती मानतात, पूर्वेची आणि पश्चिमेची. आणि प्रत्येकीच्या दोन उपजाती. पश्चिमेचा सखल जंगलातला गोरिला फळांच्या शोधात लांबवर हिंडतो, म्हणून त्याचा माग काढणे कठीण. विरुंगाच्या थंड डोंगरातला गोरिला दाट केसांचा. तो देठ-पाल्यावर जगतो आणि त्या मानाने लवकर सापडतो. वाटाडे सकाळीच आदल्या दिवशीच्या ठिकाणी जातात आणि रात्रीची घरटी, मोडलेले देठ, विष्ठा पाहत कळपापर्यंत पोहोचतात. मग पाहुण्यांना मिळतो एकच तास. एका कळपाजवळ एका वेळी आठच माणसे, अंतर राखून. खाऊ घालणे तर नाहीच, कारण माणसाची साधी सर्दीही गोरिलाला भोवू शकते. डोंगरी गोरिलांची संख्या आता हजाराच्या वर गेली आहे. त्यात या शिस्तीचाही वाटा आहे.

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत : वानर आणि माकड. खेड्यातला माणूस ते नेमके वापरतो. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, पाला खाणारे ते वानर. लाल तोंडाचे, गालाच्या पिशव्यांत खाऊ कोंबून पळणारे ते माकड. शहरात आपण मात्र दोघांनाही ‘माकड’ म्हणून मोकळे होतो. शब्द हरवला की नजरही हरवते, हे कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

त्यातही पोटभेद आहेत. उत्तरेकडचे वानर चालताना शेपटी डोक्याकडे वळवते, दक्षिणेकडचे मागच्या बाजूला टाकते. आणि ही सीमा साधारणपणे तापी-गोदावरीच्या आसपास मानली जाते. माकडांचेही तसेच. दक्षिणेच्या माकडाच्या डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखी केसांची टोपी असते आणि शेपूट लांब असते. उत्तरेच्या माकडाची शेपूट आखूड, मागचा भाग तांबूस. उत्तरेचे माकड आता दक्षिणेकडे सरकत आहे आणि टोपीच्या माकडाची जागा घेत आहे. टोपीचे माकड जगात फक्त दक्षिण भारतात आणि आपल्या बाजूला आढळते. त्याची गणना आज धोक्यात आलेल्या जातींत होते. जे ओळखताच येत नाही, ते नाहीसे झालेले आपल्याला कळणार कसे?

आणि आपण करतो काय? माथेरान-महाबळेश्वरला बिस्किटे फेकतो. माकडाने हातातली पिशवी ओढली की त्यालाच दोष देतो. वानराचे पोट पाला आंबवून पचवण्यासाठी कप्प्याकप्प्यांचे बनलेले आहे. आपला मेवा त्याला औषध नव्हे, विष आहे. कोकणातल्या बागायतदाराचे नुकसान खरे आहे, त्याची हेटाळणी मी करणार नाही. पण माणसाच्या हाताची चटक लावायची कुणी आणि नुकसान सोसायचे कुणी, हा प्रश्न उरतोच.

धीराने पाहिले तर काय हाती लागते, याचे उदाहरण फार दूर नाही. १९६१ ते १९६३ या काळात जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी धारवाडच्या परिसरात वानरांच्या टोळ्यांचा पाठलाग केला. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीची पिले मारतो, ही गोष्ट त्यांच्या निरीक्षणांतून जगापुढे आली. त्यावरून पुढे कितीतरी वर्षे वाद झाले. हे सारे आफ्रिकेत नव्हे, आपल्या शेजारी घडले!

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, महाविद्यालयाच्या सहलीत एक तास तरी असा असावा. दहाजणांहून अधिक नकोत, खाऊ पिशवीत बंद, आवाज बंद. टोळी कुठल्या झाडावर रात्र काढते, शेपटी कुठे वळते, नर किती, पिले किती, एवढेच वहीत टिपावे. परवाना लागत नाही, डॉलर लागत नाहीत. लागतो फक्त संयम, आणि तो गोरिलाच्या देशातून आयात करायची गरज नसावी.