हसऱ्या चेहऱ्यामागची तक्रार

मे महिन्यातली दुपार. हिंगोलीत पारा चाळिशीपार गेलेला आणि त्यात वीज गेलेली. शेजारच्या नववीतल्या मुलाने हाक मारली, "काका, हा बघा ना कसा करतोय!" काचेच्या टाकीत त्याचा ॲक्सोलॉटल होता. माइनक्राफ्ट या खेळात २०२१ मध्ये हा प्राणी आला आणि घरोघरची मुले त्याच्यासाठी हट्ट धरू लागली.

तोंडाची ठेवण अशी की, तो सदा हसतो आहे असेच वाटावे. पण शेपटीचे टोक वळलेले, डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले पुढे झुकलेले, दोन दिवस अन्नाला तोंड नाही आणि सारखी पृष्ठभागाकडे धाव. आजी म्हणाल्या, "खेळतंय लेकरू." खेळत नव्हते, गुदमरत होते.

हा जीव मूळचा मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्को येथील थंड पाण्यातला. बेडूक मोठा होताना कल्ले टाकतो; हा मात्र जन्मभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो. १८६४ मध्ये काही ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले गेले. पुढे तिथे जन्मलेल्या काही पिलांचे कल्ले गळाले आणि ती जमिनीवर राहणाऱ्या सॅलॅमँडरसारखी झाली, तेव्हा शास्त्रज्ञही चक्रावले. तेव्हा आपण गोंधळलो तर नवल नाही. तासन्‌तास निश्चल बसणे, दिवसा लपणे, क्वचित वर येऊन हवा घेणे हे त्याचे नेहमीचेच. सवय अचानक बदलली, की मात्र आधी पाण्याकडे पाहावे.

त्याला मानवते सोळा ते अठरा अंशांचे पाणी. चोवीसच्या पुढे ते बाधू लागते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, उरलेले अन्न कुजते आणि विष्ठेतला अमोनिया कल्ल्यांना जाळतो. पंपाचा झोत जोराचा असला तरी कल्ले पुढे वळतात. पापण्या नसल्याने लख्ख उजेडही त्याला सोसत नाही.

आम्ही थोडे पाणी बदलले, इन्व्हर्टरवर छोटा पंखा लावला. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने पारा उतरला खरा, पण सव्वीसवर अडला. मग बर्फाच्या बंद बाटल्या आळीपाळीने टाकीत सोडत घर रात्रभर जागले. तिसऱ्या दिवशी त्याने गांडूळ खाल्ले. मुलाचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. म्हणाला, "काका, दरवर्षी असंच करायचं का?"

या प्रश्नाचे उत्तर प्राणी आणण्यापूर्वी द्यायचे असते. सोचिमिल्कोत १९९८ मध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे सहा हजार ॲक्सोलॉटल मोजले गेले होते. २०१४ मध्ये उरले छत्तीस. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद झाली. पण कायद्याआधी विचारावे ते आपल्या उन्हाळ्याला. पाणी थंड ठेवणारे यंत्र आणि त्याला अखंड वीज देता येत नसेल, तर मराठवाड्यातल्या घराने हा जीव आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि आधीच आणला असेल, तर तापमापक लावावा, रोज पाच मिनिटे शांत बसून त्याच्याकडे पाहावे. मुक्या जिवाचे विचित्र वागणे ही बहुधा आपल्या घराविषयीची तक्रार असते. त्याचे तोंड हसरे आहे, म्हणून ती ऐकायची राहू नये.