बाधा बाईला कीं नवऱ्याच्या हाताला?

मुखेडच्या बंधूंनो, बाळंतीण मुकी बसली, पोर रडलें तरी तिला पान्हा फुटेना, कीं तुम्ही लागलीच ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारा शोधतां! अहो, रोज मार खाणाऱ्या जीवाची झोंप उडते, मन खचतें. भ्यालेल्या आईपर्यंत लेकराची हांक पोंचत नाहीं. हें दुखणें आहे, आणि त्याचें मूळ पुष्कळदां नवऱ्याच्या मुठींत असतें. १८८२ सालीं ताराबाई शिंद्यांनीं पुरुषजातीस जाब विचारला. २००५ च्या कायद्यानें शिवीगाळ व मानसिक छळ यांसही हिंसाच म्हटलें. दवाखान्यांतून परतलेल्या बाळंतिणीकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळां येते. तिनें बाळाचें वजन करावेंच. पण आईलाही एकांतांत विचारावें, ‘बाई, मारतो का?’ अंगाऱ्याचे पैसे वांचवा, तिला डॉक्टरकडे न्या, आणि आधीं आपला हात आवरा!