रविवारचे मैदान कोणाचे?

मुलांच्या खेळाचा प्रश्न राजकीय कार्यकर्त्यांच्या चर्चेत सहसा येत नाही. रेशन, पाणी, घरे, शिक्षण, रोजगार हे विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर असतात. सात-आठ वर्षांचे मूल संध्याकाळी कोठे खेळते आणि त्याला खेळायला कोण शिकवते, ही मात्र ज्या त्या घराची खासगी बाब मानली जाते. आपण दुर्लक्षिलेला हा प्रश्न बाजाराने आपल्या परीने सोडवायला घेतला आहे. शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, क्रिकेट-फुटबॉलच्या खासगी अकादम्या निघाल्या आहेत. महिन्याचे शुल्क, गणवेश, बूट, स्पर्धेचा प्रवासखर्च हे ज्यांना झेपते त्यांची मुले खेळाडू होतात. बाकीच्यांची मुले कुंपणाबाहेरून पाहतात.

याला दुसरा एक मार्ग आहे आणि तो जगात अनेक ठिकाणी चालू आहे. मुलांच्या आईबापांनीच आठवड्यातून दोन-तीन वेळा मैदानावर यायचे, वस्तीतील मुलांचे संघ बांधायचे, त्यांना खेळ शिकवायचा, आणि त्याबद्दल कोणी कोणाला पैसा द्यायचा नाही. या मार्गाचा पुरस्कार आपण केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र त्याच्या पायाशी कोणत्या अटी आहेत हे न पाहता नुसता पुरस्कार केला, तर आपण एक मध्यमवर्गीय हौस वाढवू. लोकांचे काम होणार नाही.

या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका सामान्य नोकरदार गृहस्थाने आपल्या नात्यातील दोन लहान मुलांसाठी बेसबॉलचा खेळ बसवला. मोठ्यांच्या मैदानात दोन तळांमधील अंतर ९० फूट असते. तेवढे अंतर लहान पायांना कापवत नाही, हे पाहून त्याने मैदानच लहान केले आणि ते अंतर ६० फुटांवर आणले. शेजारपाजारच्या दुकानदारांकडून मदत मागून तीन संघांना गणवेश मिळवले. एक संघ त्याने स्वतः सांभाळला, उरलेले दोन संघ बेबल आडनावाच्या दोघा भावांनी. ‘लिटल लीग’ या नावाने आज जगभर पसरलेल्या संस्थेचा उगम हा असा तीन गृहस्थांच्या फावल्या वेळात आहे.

पुढची कथा आपल्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही. युद्धानंतर संस्था वाढू लागली तेव्हा रबराचा व्यापार करणाऱ्या एका बड्या कंपनीने तिला आश्रय दिला. पैशाबरोबर कंपनीची माणसे कारभारात आली, गावागावांतील स्वयंसेवकांचा आवाज क्षीण झाला, आणि संस्थापकाचाच नव्या व्यवस्थापनाशी खटका उडाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि १९५६ पर्यंत स्टॉट्झ आपल्याच संस्थेबाहेर पडला होता. त्यानंतर विल्यम्सपोर्टमध्येच तो स्थानिक मुलांचा खेळ वेगळा चालवीत राहिला. स्वयंसेवकांनी घाम गाळून उभे केलेले काम देणगीदाराच्या खिशात कसे जाते याचा हा धडा आहे. आणि असे धडे केवळ अमेरिकेतच मिळतात असे नाही.

पैशापेक्षाही अवघड अडचण मात्र पालकांच्या मनातच असते. आपले मूल पहिले यावे ही इच्छा स्वाभाविक आहे. पण तीच इच्छा ज्याच्या हाती संघाची निवड असते त्याच्या मनात शिरली की तिचे रूप पालटते. २००० सालच्या जुलैत मॅसॅच्युसेट्स राज्यातील रेडिंग येथे मुलांच्या आइस हॉकीच्या सरावात धसमुसळेपणा चालला आहे म्हणून दोन बापांमध्ये बाचाबाची झाली. सरावावर देखरेख करणारा बाप दुसऱ्याच्या मारहाणीत मृत्युमुखी पडला, तोही मुलांच्या डोळ्यांदेखत. २००१ साली लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या न्यूयॉर्कच्या एका संघातील सर्वोत्तम गोलंदाज बारा नव्हे, चौदा वर्षांचा असल्याचे उघड झाले. जन्माचा खोटा दाखला मोठ्यांनी केला होता आणि बदनामी मुलाच्या वाट्याला आली. हे टोकाचे प्रसंग आहेत हे खरे. परंतु आपल्याच मुलाला सलामीला पाठवणारा आणि शेजारणीच्या मुलाला वर्षभर राखीव ठेवणारा ‘सर’ आपल्यापैकी कोणाला पाहायला मिळाला नाही?

चांगल्या माणसांवर भिस्त ठेवून हा दोष जात नाही. त्यासाठी नियम लागतो. कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे १९६४ साली स्थापन झालेल्या मुलांच्या फुटबॉल संघटनेने तो केला. ‘प्रत्येक जण खेळेल’ हे तिचे पहिले तत्त्व. संघातील प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्याचा निदान अर्धा वेळ मैदानावर मिळालाच पाहिजे, मग ते मूल कितीही कच्चे असो. नियम साधा आहे. पण त्याने शिकवणाऱ्याचे सारे गणित बदलते. कच्च्या मुलाला बाहेर बसवता येत नाही म्हटल्यावर त्याला शिकवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

नॉर्वेने हेच तत्त्व साऱ्या देशाला लावले. तेथील क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळाविषयी नियम केले आणि २००७ साली मुलांचे क्रीडाविषयक हक्क संमत केले. त्यानुसार अकरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते व क्रमवाऱ्या लावायच्या नाहीत, आणि तेरा वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवायच्या नाहीत. तेथेही लहान मुलांना शिकवणारे बहुसंख्य लोक पालकच आहेत. पण त्यांच्यामागे दोन गोष्टी उभ्या आहेत. एक म्हणजे सरकारी मालकीच्या सोडतीच्या उत्पन्नातून खेळाला मिळणारा मोठा वाटा. आणि दुसरी, कामाच्या तासांना कायद्याने घातलेली आठवड्याला ४० तासांची मर्यादा. स्वयंसेवा ही तेथे कल्याणकारी राज्याची जागा घेत नाही. त्या राज्याने मोकळ्या केलेल्या वेळात आणि बांधलेल्या मैदानावर ती उभी राहते.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टींचे काय झाले, हे पाहिले पाहिजे.

प्रथम वेळ. पालकांनी रविवारी मैदानावर यावे असे आपण सहज म्हणतो. पण रविवार हा आपल्या कामगारांना कोणी दानात दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून, अर्जांवर हजारो सह्या गोळा करून ही मागणी लावून धरली, तेव्हा १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मुलाचा हात धरून मैदानावर जाणारा प्रत्येक बाप आजही त्या लढ्याच्या कमाईवर जातो. ती कमाई आता कुरतडली जात आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास संमती दिली. आठवड्याची मर्यादा कायम असल्याचे सांगण्यात येते. पण बारा तास यंत्रापाशी उभे राहून, वर लोकलचा किंवा बसचा प्रवास करून परतलेला माणूस संध्याकाळी कोणत्या मुलांना खो-खो शिकवणार? दारोदार पाकिटे पोचवणाऱ्या तरुणाला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर रविवार हाच अधिक कामाचा दिवस. स्वयंसेवेसाठी आधी मोकळा वेळ लागतो, आणि तो ज्या वर्गापाशी आहे त्याच वर्गाच्या मुलांना पालक-प्रशिक्षक मिळतील. मुलांच्या खेळाची मागणी ही म्हणूनच आठ तासांच्या दिवसाच्या मागणीपासून तोडता येत नाही.

दुसरी गोष्ट मैदानाची. गिरणगावात कबड्डी वाढली ती चाळींमधल्या पटांगणांत, पाळी सुटल्यावर पोरांना चढाई आणि पकड शिकवणाऱ्या थोरामोठ्यांच्या हाताखाली. त्यांना कोणी प्रशिक्षक म्हणत नसे, पण काम तेच होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी ठेवण्याची तरतूद होती. २००१ साली ती बदलली; बांधकामे पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली आणि लोकांच्या वाट्याला येणारी जागा आक्रसली. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. त्या जमिनींवर आज व्यापारी संकुले आणि मनोरे उभे आहेत. मनोऱ्यांतील मुलांसाठी आत स्वतंत्र क्रीडाजागा आहेत. शेजारच्या चाळीतील मुलांचा चेंडू उभ्या केलेल्या गाड्यांखाली जातो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. पण शाळांची म्हणून जी मैदाने आहेत, त्यांचीही फाटके शाळा सुटताच बंद होतात.

वेळ आणि मैदान मिळाले तरी एक प्रश्न उरतोच : संघ कोण निवडणार? संघ निवडणे म्हणजे सत्ता वापरणे, आणि जिथे सत्ता असते तिथे समाजातील सगळ्या भिंती मैदानातही उभ्या राहतात. पळवणकर बाळू हे आपल्या काळातले श्रेष्ठ गोलंदाज. पण अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मले म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. मुलींची कथा निराळी नाही. न्यू जर्सीतील होबोकेन येथे १९७२ साली एका बारा वर्षांच्या मुलीला संघातून काढावे लागले, कारण लिटल लीगचे नियम मुलींना मज्जाव करीत होते. तिच्या वतीने तक्रार लढवली गेली, निकाल मुलींच्या बाजूने लागला, तेव्हा काही ठिकाणच्या चालकांनी मुलींना घेण्यापेक्षा खेळच थांबवणे पसंत केले. १९७४ मध्ये नियम बदलले. हे चालक कोणी दुष्ट लोक नव्हते. तेही फावला वेळ देणारे, पदरमोड करणारे गृहस्थच होते. सेवाभाव असला की समताही आपोआप येते, हा भ्रम आपण बाळगू नये.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. खेळ हे शास्त्र आहे. अडाणी पालकांच्या हाती मुले दिली तर त्यांचे गुडघे-खांदे बिघडतील, म्हणून हे काम पगारी तज्ज्ञांनीच करावे, असे काही जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच प्रत्येक शाळेत शारीरिक शिक्षणाचा पूर्णवेळ शिक्षक नेमण्याची मागणी आपण सोडता कामा नये. पालकांची स्वयंसेवा दाखवून सरकारने शिक्षकाची जागा रिकामी ठेवायची, हे चालू द्यायचे नाही. परंतु सात वर्षांच्या मुलाला आधी लागते ते पळणे, पडणे, उठणे, हरल्यावर हात मिळवणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे. हे शिकवायला शिट्टी, फक्की आणि थोडा धीर पुरतो; बाकीचे त्या शिक्षकाकडून पालकांना शिकता येते.

कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत हे काम हाती घ्यावे. नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची मैदाने संध्याकाळी व रविवारी वस्तीतील मुलांना खुली करावीत, अशी मागणी ठरावांनी आणि गरज पडल्यास धरण्याने पुढे रेटावी. सुरुवात कबड्डी-खो-खोने करावी. त्यांना सामान लागत नाही. पहिल्याच दिवशी चार नियम सर्वांसमक्ष मान्य करून घ्यावेत. प्रत्येक मूल अर्धा वेळ खेळेल. मुलगे आणि मुली दोघांनाही मैदान असेल. कोणी आपल्या मुलाच्या संघाची निवड एकट्याने करणार नाही. आणि मुलांजवळ कोणीही प्रौढ माणूस एकटा असणार नाही; शिकवणाऱ्यांची आधी नीट चौकशी झालेली असेल. देणगी घ्यावी, पण गणवेशावर देणगीदाराचे नाव आणि समितीत त्याची खुर्ची, या दोन्हींना नकार द्यावा. आणि शिकवायला बापच हवा असे नाही. मुलाला मैदानापर्यंत पोचवणे, पाणी भरून आणणे, मळके कपडे धुणे ही कामे आया आजही करतातच. शिट्टी त्यांच्याही हातात आली पाहिजे, आणि त्या वेळी घरचा स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी केला पाहिजे.

हे काम लहान दिसते, त्याने निवडणुका जिंकल्या जात नाहीत. पण दुसऱ्याच्या मुलाला अर्धा वेळ मिळावा म्हणून आपल्या मुलाला बाहेर बसवणारा बाप त्या मैदानावर जे शिकतो आणि शिकवतो, ते आपल्या शिबिरांतील व्याख्यानांनी साधलेले नाही. तो बाप तेथे येऊ शकावा, यासाठी त्याचा कामाचा दिवस आठ तासांचा राखणे आणि त्याच्या वस्तीतील मैदान मोकळे राखणे हे मात्र आपल्या चळवळीचे काम आहे.