राजहंस न झालेल्या पिलाचे काय?

वर्गात ‘कोणाला काही शंका?’ असे प्राध्यापकांनी विचारले की सगळ्या माना वहीत जातात. शंका नसतात असे नाही, पण आपण काही निराळे बोललो तर चारजण हसतील, ही भीती असते. ती कॉलेजात आल्यावर जडलेली नसते; तिची मुळे बालपणात असतात. म्हणूनच बालपणी हाती पडणाऱ्या चित्रांच्या पुस्तकांकडे ‘पोरांचा खेळ’ म्हणून पाहणे मला पटत नाही.

मुलांना आत्मविश्वास देणारी गोष्ट म्हटली की आपल्याला पहिल्यांदा आठवते ते कुरूप पिलू. हान्स ख्रिश्चन अँडरसनची ही कथा १८४३ सालची. ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे ती मराठी घराघरांत पोचली. कथा सुंदर आहे, यात वाद नाही. पण तिचा शेवट जरा तपासून पाहावा. पिलाची अवहेलना थांबते ती ते राजहंस ठरल्यावर! समजा, ते मोठे होऊनही साधे, वेडेबागडे बदकच राहिले असते, तर? त्याला मान मिळू नये काय? वर्गातली बहुतेक मुले काही राजहंस नसतात.

मार्कुस फिस्टर या स्विस चित्रकाराचे १९९२ साली आलेले इंद्रधनुषी माशाचे पुस्तकही असेच विचारात पाडते. चमकदार खवल्यांचा तोरा मिरवणारा हा मासा एकटा पडतो. मग एकच खवला ठेवून बाकीचे वाटून टाकतो आणि त्याला मित्र मिळतात. दातृत्वाचा हेतू चांगलाच आहे. पण मैत्रीसाठी अंगावरचे वेगळेपण उपटून द्यावे लागते, असाही धडा मूल त्यातून घेणार नाही कशावरून?

याउलट मन्रो लीफ यांनी लिहिलेला आणि रॉबर्ट लॉसन यांनी चितारलेला फर्डिनांड पाहा. हे पुस्तक १९३६ सालचे. स्पेनमधला हा दांडगा बैल झुंजीऐवजी झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. तो एकटा पडेल म्हणून आईला काळजी वाटते. पण तो सुखात आहे हे पाहून ती त्याला त्याच्या मनासारखे बसू देते. पुढे माद्रिदच्या आखाड्यातही तो लढत नाही आणि अखेर आपल्या झाडाखाली परत येतो. तो काही जिंकत नाही, बदलत नाही; तरी गोष्ट आनंदात संपते. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली होती, त्यामुळे मोठ्यांनी या बैलात राजकारण शोधले. मुलांनी मात्र बुचाच्या झाडाला फळांसारखी लटकलेली बुचे शोधली. ही गंमत शब्दांत नाही, फक्त चित्रात आहे. अक्षरओळख नसलेले मूल ती मोठ्यांच्या आधी टिपते. आत्मविश्वास याहून निराळा काय असतो?

एझ्रा जॅक कीट्स यांचे बर्फाळ दिवसाचे पुस्तक १९६२ साली निघाले. त्यातला पीटर कृष्णवर्णीय आहे, पण मजकुरात त्याच्या रंगाचा उच्चारही नाही. तो बर्फात पावले उमटवतो, बर्फाचा गोळा खिशात जपून ठेवतो, आणि तो वितळला म्हणून खट्टू होतो. ‘तूही इतरांसारखाच’ असे त्याला कोणी बजावत नाही. तो गोष्टीचा नायक आहे, एवढे पुरेसे आहे.

आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’मध्ये हेच मराठी वळणाने साधले आहे. लहानगी राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. तात्पर्य नाही, उपदेश नाही. आपले घर, आपली माणसे, आपली बोली पुस्तकात येण्याजोगी आहेत, ही जाणीव मुलाला आपसूक होते.

कोणी म्हणेल, अशाने मुले अहंमन्य होतील. मला तसे वाटत नाही. फर्डिनांड कोणाच्या वाटेला जात नाही. स्वतःला सिद्ध करण्याचा धाक ज्याला नाही, त्याला दुसऱ्याला हिणवण्याची गरजही पडत नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षक होतील, आईबाप तर बहुतेक होतीलच. तेव्हा मुलाला पुस्तक जरूर वाचून दाखवावे; पण शेवटी ‘मग यातून काय शिकलास?’ हा प्रश्न तेवढा गिळून टाकावा. पान उलटण्याचे काम मुलावर सोपवावे आणि ते काय दाखवते आहे, तिकडे पाहावे.