वड्याचं तेल फरसाणवाल्यावर

मराठी माणसाचा कैवार घेणाऱ्या पक्षाला मराठी माणूसच मतं का देत नाही, हे कळायला शिवाजी पार्कच्या सभेला जायला नको. भाईंदर पूर्वेला उतरा आणि नवघर रोडने चालू लागा. एकेकाळी इथे आगऱ्यांची घरं आणि मिठागरं होती. आता टॉवर आहेत, बिल्डरांचे इंग्रजी फलक आहेत, गुजराती-हिंदीत लिहिलेल्या सोसायट्यांच्या नोटिसा आहेत आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचे टँकर. मराठी या रस्त्यावरून कशी मागे सरकली ते आंधळ्यालाही दिसेल. ती मागे ढकलली कुणी, हे मात्र महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला वीस वर्षांत दिसलेलं नाही.

मी नवघरचाच, आणि चांगला मराठी. त्यामुळे मला मराठीद्वेष्टा ठरवायचे कष्ट कुणी घेऊ नयेत. माझी तक्रार उलटी आहे. माझ्या नावाने भांडण काढायचं आणि ते अर्ध्यावर टाकून निघून जायचं, हा धंदा आता पुरे.

२०२५ चा उन्हाळा आठवा. सरकारने १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. ओरड झाल्यावर जूनमध्ये ‘सर्वसाधारणपणे’ असा गुळगुळीत शब्द घालून तीच गोळी पुन्हा पुढे केली. मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार, शिक्षक, लेखक, पालक असे सगळे त्याविरुद्ध उभे राहिले. मनसेचे राज आणि शिवसेनेचे उद्धव असे दोन्ही ठाकरेही उतरले. २९ जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. मराठीच्या बाजूने एवढा स्वच्छ विजय माझ्या आठवणीत दुसरा नाही. एकही काच न फोडता मिळाला होता तो.

आणि त्याच दिवसांत आमच्या मीरा रोडमध्ये मनसेच्या कार्यकर्त्यांनी एका मिठाई-फरसाणच्या दुकानदाराच्या कानाखाली आवाज काढला. मराठी बोललंच पाहिजे असं कुठे लिहिलंय, यावरून वाद झाला, हात उठले आणि अर्थातच व्हिडिओ निघाला. वाद घालणाऱ्या वीर पुरुषांना एवढं तरी कळायला हवं होतं की नुकतीच ज्याला माघार घ्यावी लागली ते सरकार अशाच एखाद्या व्हिडिओची वाट बघत असतं. देशभरातल्या वाहिन्यांवरून हिंदीसक्तीचा विषय गायब झाला आणि थप्पड सुरू झाली. ज्यांनी आमच्या पोरांवर तिसरी भाषा लादायचा घाट घातला, तेच एका रात्रीत गरीब व्यापाऱ्यांचे रक्षणकर्ते झाले. भाजपच्या प्रचार विभागाला पैसे मोजूनही एवढं साधलं नसतं.

पुढे ५ जुलैला वरळीच्या डोममध्ये विजयी मेळावा झाला. तिथे राज ठाकऱ्यांनी कार्यकर्त्यांना समज दिली. कसली? तर मारलंत तर व्हिडिओ काढू नका. म्हणजे चूक हाताची नव्हती, मोबाइलची होती!

तरीही ८ जुलैला मीरा रोडला लोक रस्त्यावर आले. हे लिहिलंच पाहिजे, कारण त्या दिवशीची गर्दी पक्षाची नव्हती. थपडेविरुद्ध निघालेल्या व्यापाऱ्यांच्या मोर्चाला रस्ता मोकळा आणि मराठी मोर्चाला परवानगी नाही. वर मनसेच्या अविनाश जाधवांना पहाटे उजाडायच्या आत घरातून उचललेलं. त्या दुजाभावाने नोकरदार माणसं, बायका, कधी कुठल्या झेंड्याखाली न गेलेले लोक पेटले. सत्तेतले मंत्री प्रताप सरनाईक मोर्चात आले, त्यांनाही लोकांनी घोषणा देऊन परत पाठवलं. लगेच पोलीस आयुक्तांची बदली झाली. वर्षानुवर्षं साठलेला राग होता तो : घर नाकारल्याचा, ‘नॉनव्हेज खाता का?’ या प्रश्नाचा, आपल्याच गावात पाहुण्यासारखं वागवलं गेल्याचा. असा राग कुठल्याही राजकीय पक्षाला नशिबाने मिळतो.

मनसेने त्याचं काय केलं? १८ जुलैला मीरा रोडमध्ये सभा घेतली. देशभर गाजलं ते त्या सभेतलं एकच वाक्य, खासदार निशिकांत दुबेंना मुंबईच्या समुद्रात बुडवण्याचं. आणि ते वाक्य हिंदीत होतं. मराठीच्या सन्मानासाठी भरवलेल्या सभेची पावती हिंदीत फाटली. टाळ्या पडल्या, मैदान रिकामं झालं, झेंडे उतरले.

जानेवारी २०२६ मध्ये मीरा-भाईंदर पालिकेची निवडणूक झाली. ९५ पैकी ७८ जागा भाजपला. मनसेला एकही नाही. सहा महिन्यांपूर्वी ज्या शहराने रस्ता भरून टाकला होता, त्याच शहराने.

याचं कारण मतदाराचा विसराळूपणा नाही. या पक्षाची सवय तो ओळखून आहे. ३० मार्च २०२५ च्या गुढीपाडव्याला हुकूम सुटला : बँकांत मराठी वापरतात का ते तपासा. दुसऱ्या दिवसापासून मनसैनिक शाखाशाखांत. बाहेरच्या राज्यातून बदलून आलेल्या काउंटरवरच्या पोराला घेरायचं, त्याच्याकडून माफी वदवून घ्यायची. बँकवाल्यांच्या संघटनांनी तक्रार केली आणि ५ एप्रिलला राजसाहेबांचं पत्र निघालं : आंदोलन तूर्त थांबवा. आठवडाही भरला नव्हता. तो पोरगा काही बँकेचं भाषाधोरण ठरवत नाही. ते ठरवणाऱ्यांच्या दारात उभं राहायला, रिझर्व्ह बँकेचे नियम त्यांच्यासमोर ठेवून लेखी उत्तर मागायला दोन-तीन वर्षं चिकाटी लागते. तेवढा वेळ इथे कुणाला आहे?

मशिदींवरच्या भोंग्यांचंही तेच. ते उतरवायला ३ मे २०२२ ची मुदत दिली, महाराष्ट्र श्वास रोखून बसला, मग अयोध्या दौरा जाहीर झाला, मग तो पुढे ढकलला गेला. मराठीच्या मुद्द्यावर उभा राहिलेला पक्ष २०२० मध्ये झेंडा बदलून भगवा झाला. मधेच २०१९ मध्ये ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत मोदींना सोलून काढलं आणि २०२४ च्या पाडव्याला त्याच मोदींना बिनशर्त पाठिंबा देऊन टाकला. मतदाराने तरी किती वेळा मान वळवायची?

टोलचं श्रेय मात्र मी देईन. ते आंदोलन अनेक वर्षं चाललं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. दहिसर नाक्यावर रोज खोळंबणाऱ्या आम्हा लोकांचे पैसे वाचले. खोळंबा वाचला नाही, ते सोडा. चिकाटी धरली की काय होतं याचा पुरावा यांच्याच खात्यावर आहे. त्यांनाच तो वाचता येत नाही.

विधानसभेत तरी काय केलं? २००९ मध्ये लोकांनी १३ आमदार दिले. घरं नाकारणाऱ्यांविरुद्ध कायदा मागता आला असता, मराठी शाळांचा प्रश्न लावून धरता आला असता. शपथविधीच्या दिवशीच अबू आझमींनी हिंदीत शपथ घेतली म्हणून सभागृहात हात उगारला आणि चौघांनी चार वर्षांचं निलंबन ओढवून घेतलं. त्या चौघांतले राम कदम पुढे भाजपचे आमदार झाले. २०१४ मध्ये पक्षाची एक जागा, २०१९ मध्ये एक, २०२४ मध्ये शून्य.

नवीन इमारतींत मराठी माणसांसाठी निम्मी घरं राखून ठेवा, असं अशासकीय विधेयक २०२४ साली विधान परिषदेत मांडायला पुढे आले ते अनिल परब. उद्धव ठाकऱ्यांच्या शिवसेनेचे. ते मंजूर होईल न होईल, पण निदान भांडण कागदावर तरी आलं. नवघर रोडवर ‘फक्त शाकाहारी’ म्हणणाऱ्या कुठल्या बिल्डरच्या ऑफिसात मनसेने ठाण मांडलेलं मी पाहिलेलं नाही. सूर्या योजनेतून मीरा-भाईंदरला २१८ दशलक्ष लिटर पाणी मिळणार, याच्या तारखा ऐकून आमचे कान किटले. त्यासाठी या पक्षाने शहर अडवलेलंही आठवत नाही. टँकरवाल्याला कानाखाली देता येत नाही. त्याच्यामागे कोण उभं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फरसाणवाल्याच्या मागे कोणी नसतं.

जानेवारी २०२६ च्याच पालिका निवडणुकीत कल्याण-डोंबिवलीत काय झालं ते पाहा. उद्धव ठाकऱ्यांच्या बरोबरीने मतं मागून मनसेचे पाच नगरसेवक निवडून आले. निकाल लागून आठवडा जातो न जातो, तोच त्यांनी पाठिंबा दिला एकनाथ शिंद्यांच्या शिवसेनेला. तीच शिवसेना त्या सरकारात बसली आहे, ज्याने पहिलीपासून हिंदीचा हुकूम काढला होता.